राखेत कालवलेलं खत

“मिरच्या कांडते, शिकेकाई कांडते, काय सांगाल ती कांडते. हळद तेवढी सांगू नगा बाई. माज्या हाताची हळदीला बाधा हुती.”

परसातून हे शब्द आले तेव्हा मी ओसरीवर आरामखुर्चीत पेपर वाचत होतो. माघ संपत आला होता. या दिवसांत सगळ्या सांगलीला नव्या हळदीचा वास येतो. पेठेतून आलेल्या माणसाच्या धोतराला येतो, टांग्याच्या घोड्यालाही येतो. आमच्या घरी वर्षाची कांडपं सुरू झाली होती आणि आमच्या नेहमीच्या बाईचा हात मोडल्यामुळे तिच्या ओळखीची कुणी नवी बाई दोन दिवसांपासून यायला लागली होती. मी तिला पाहिलं नव्हतं. सेवानिवृत्त माणसानं परसात डोकावू नये, असा माझ्या बायकोचा, शकुंतलेचा नियम आहे, आणि मी तो पाळतो. शकुंतला मोठ्यानं हसली. “अगं, बाधा कसली? हळद का दूध आहे नासायला?” त्यावर ती बाई हसली नाही. “हसू नगा बाई. चांगली एकरभर हळद माज्यापायी गेली. बगता बगता पिवळी पडली.” आणि मग मुसळाचा आवाज पुन्हा सुरू झाला. मी पेपरातली एकच ओळ चार वेळा वाचली. आता ती ओळ कशाबद्दल होती तेही आठवत नाही. शकुंतला पाणी प्यायला आत आली तेव्हा मी शक्य तितक्या सहज विचारलं, “नाव काय गं तिचं?” ती म्हणाली, “विजयमाला. ऐकलंत का नाव? एखाद्या सरदाराच्या घरात शोभेल. आणि करते काय, तर कांडप.” मी “हं” म्हटलं. माणसाला सहा वर्षं जे होईल होईल म्हणून वाटत असतं ते झालं की हायसं वाटतं म्हणतात. मला तसं काही वाटलं नाही. मला भीती वाटली, शाळेत छडीच्या आधी वाटते तशी.

तीस वर्षं मी शेतकी खात्यात काढली. सातारा जिल्ह्यातली कृष्णाकाठची गावं माझ्याकडे होती. लोक मला तोंडावर साहेब म्हणत आणि पाठीमागे पुस्तकी पंत. ते मला ठाऊक होतं, आणि ते खोटंही नव्हतं. मी गिरगावात वाढलेला माणूस. बैलाच्या मागे उभं राहावं की पुढे, हे मला नोकरीत आल्यावर कळलं. पण एक गोष्ट मला खरोखर कळली होती आणि ती मला लोकांना द्यायची होती. हळदीला आमचे शेतकरी शेणखत घालत, रानात मेंढ्या बसवत आणि वर करंजाची नाहीतर एरंडीची पेंड ओतत. पेंड चांगलीच, पण ती सावकाश लागते, आणि लढाई सुरू झाल्यापासून ती इतकी महागली होती की हळद विकून शेतकऱ्याच्या हातात समाधानाखेरीज फारसं काही उरत नसे. काही हौशी मंडळींनी नुसतं सल्फेट, म्हणजे पोत्यातून येणारं ते नवं विलायती खत, घालून पाहिलं. पानं हत्तीच्या कानाएवढी झाली आणि खाली हळकुंडं करंगळीएवढी. खरी गोष्ट मधे होती. शेणखत नांगरटीला भरपूर, त्यात काटकसर नाही. पुढे पेंड निम्मी, आणि निम्म्या पेंडीच्या जागी थोडं सल्फेट, तेही दोन हप्त्यांत, ओल असताना. जमीन जिवंत राहते, पिकाला वेळेवर मिळतं आणि शेतकऱ्याला दोन घास जास्त उरतात. यात माझा शोध काही नव्हता. पण मी वहीत आकृत्या काढून ठेवल्या होत्या, आणि त्या वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईनं लिहिलं होतं, की राख आणि सल्फेट यांची गाठ पडू देऊ नये. राख घालायची तर पंधरा दिवस आधी, निराळी. दोन्ही एकत्र आली की सल्फेटातला सगळा कस वाफ होऊन उडून जातो आणि मागे राहते ती माती. हे आम्हाला पहिल्या वर्षीच शिकवलं होतं. मी ते झोपेतही सांगितलं असतं.

इस्लामपूरच्या पलीकडे, नदीच्या अंगाला, नाथाजीचा मळा होता. बारा गावं फिरून मला एकच माणूस भेटला होता जो म्हणाला, “करून बगू की साहेब. तुमी सांगताय म्हंजे काय तरी आसंल त्यात.” नाथाजी उंच, वाकलेला, बोलताना जमिनीकडे बघणारा. त्याचा मुलगा लालासाहेब पलटणीत होता, तेव्हा बसऱ्याकडे कुठेतरी. घरात नाथाजीची बायको राहीबाई आणि ही सून, विजयमाला. लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं आणि नवरा पंधरा दिवस राहून लढाईवर गेला होता. त्या घराची एक रीत होती. हळदीचं खत खळ्यावर एकाच ढिगात कालवायचं आणि त्यात घरातल्या प्रत्येकानं हात घालायचा. जो घरी नाही त्याच्या नावानं दुसऱ्यानं. आणि त्या ढिगावर सगळ्यात शेवटी राहीबाईनं वर्षभर कणगीत साठवलेली चुलीची राख, चाळून, पिठासारखी करून. राखेवाचून हळदीला रंग चढत नाही, असं त्यांचं म्हणणं. आषाढाच्या अखेरीला मी सल्फेटची पोती घेऊन गेलो तेव्हा खळं सारवून ठेवलं होतं. मला आधी जेवायला बसवलं. राहीबाईनं भाकरीवर लोणी घातलं आणि शेजारचा आकाराम बांधावरून डोकावला तेव्हा नाथाजी त्याला म्हणाला, “आमचं साहेब आल्यात.” आमचं साहेब. तीस वर्षांत हा शब्द मला कुणी लावला नव्हता.

मग ढीग झाला. पेंड, सल्फेट, वर खोरी चालली. विजयमालेनं दोन्ही हात घातले, एक स्वतःचा आणि एक लालासाहेबाचा, आणि लाजून कानापर्यंत लाल झाली. राहीबाई राखेची पाटी घेऊन उभी राहिली. नाथाजीनं माझ्याकडे पाहिलं. “साहेब, राख हितंच कालवू नव्हं?” त्या क्षणाकडे मी पुष्कळदा परत गेलो आहे. मला आठवलं नाही असं नाही. लाल शाई डोळ्यांसमोर होती. पण ‘राख नको’ म्हटलं असतं तर ती बाई वर्षभराची पाटी घेऊन तशीच मागे फिरली असती, आकाराम बांधावर हसला असता, आणि मी पुन्हा पुस्तकी पंत झालो असतो. पोटात लोणी होतं. मनात आलं, थोडं उडेल, थोडं राहील. यांची रीत राहिली तर पुढच्या वर्षी हे आपलं ऐकतील. अशा वेळी माणसाला किती शहाणे विचार सुचतात! मी म्हणालो, “घाला की. काय बिघडतंय.”

वास लगेच आला. घोड्यांच्या बंद पागेत शिरल्यावर नाकात चढतो तो वास. पाऊस नुकता उघडला होता, पेंड दमट होती, ढिगातून वाफ निघते आहे हे मला दिसत होतं. “साहेब, डोळ्यांस्नी झोंबतंय वो,” नाथाजी म्हणाला. विजयमाला पदरानं डोळे पुसत हसत होती, “लयच तिखट हाय की ह्ये!” मी म्हणालो, “नवं खत आहे. असा वास यायचाच.” हे दुसरं खोटं. पहिलं वाक्य भिडेखातर बोललं गेलं म्हणता येईल, दुसऱ्याला तसं काही नाव देता येत नाही. अजून वेळ होती. अर्धा ढीग कोरडा होता, तो बाजूला काढता आला असता. मी टोपी घातली आणि मोटार चुकेल म्हणून निघालो. इस्लामपूरपर्यंत मी शेकडेवारी मांडत होतो: किती उडालं असेल, किती उरलं असेल. गोदामात आणखी दोन पोती होती. ती नेऊन दिली असती तर भरणीच्या वेळी, मातीची भर देताना, पीक सावरलं असतं. पण ती कशासाठी हवीत, ते लिहून द्यावं लागलं असतं. मी ते लिहिलं नाही.

परसातलं ते बोलणं ऐकलं त्याच्या दुसऱ्या दिवशी शकुंतला गणपतीच्या देवळात जाणार होती. रात्री मला झोप लागली नाही. लागली असती तर मलाच माझी शरम वाटली असती. सकाळपासून मुसळ चाललं होतं. त्या आवाजात एक ठेका असतो, आणि मधूनच बाई थांबते, पाखडते, परत सुरू करते. ती थांबली की मला वाटे आता ती आत येणार, मला ओळखणार. पण ती कशाला ओळखेल? तिनं पाहिलेला साहेब खाकी कोटातला, जाड मिशांचा होता. आता मिशा नाहीत, दात निम्मे नाहीत. आपण न बोललो तर काही होणार नाही. चार दिवसांत कांडपं संपतील आणि ती दुसऱ्या घरी जाईल. हे ‘काही होणार नाही’ माझ्या फार ओळखीचं होतं. कार्तिकातही मी हेच म्हणत नाथाजीच्या मळ्यात गेलो होतो.

कार्तिकात आकारामची हळद बांधाच्या पलीकडे काळीभोर हिरवी उभी होती आणि अलीकडे नाथाजीची, वाळत घातलेल्या जुन्या धोतरासारखी पिवळी. माझ्या शब्दाखातर त्यानं पेंड निम्मी केली होती. उरलेलं निम्मं खळ्यावरून आभाळात गेलं होतं. पीक उपाशी होतं, बाकी काही नाही. मी आंब्याखाली बसलो होतो, राहीबाईनं गुळाचा चहा दिला होता. नाथाजीनं मला एका शब्दानं विचारलं नाही, की साहेब, तुमचं खत असं कसं. साहेबाचं खत चुकेल हे त्याच्या मनात येण्यासारखं नव्हतं. चूक आपल्यातच कुणाची तरी असणार. हळदीच्या रानात बाहेर बसलेल्या बाईनं पाय घालायचा नाही, हा तिकडचा कडक नेम. राहीबाई बांधावर उभी राहिली आणि तण भांगलायला आलेल्या बायकांना, सुनेला, सगळ्यांना तिनं विचारलं, “वाफ्यात कोण शिरलं हुतं? देवाला भिऊन खरं सांगा.” मग विजयमाला म्हणाली, “मी शिरले हुते, आत्याबाई. भादव्यात. दुसराच दिस हुता. पर वासरू शिरलं हुतं, हळद तुडवाय लागलं हुतं, आन् कुणीच न्हवतं जवळ. म्हनून शिरले.” सगळ्यांची तोंडं तिच्याकडे वळली. माझंही वळलं. आणि खरं सांगायचं तर त्या वेळी मला बरं वाटलं. छातीवरून धोंडा उतरावा तसं. चहा गोड होता आणि मी तो संपवला. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं मी कचेरीत दुसऱ्यांबद्दल कितीदा म्हणत असे! तिथं मात्र चोर कपबशी खाली ठेवून उठला आणि म्हणाला, “बघू, पुढल्या वर्षी.”

पुढच्या वर्षी माझी बदली झाली. त्याच्या थोडं आधी आकाराम एकदा इस्लामपूरच्या बाजारात भेटला. त्यानंच सांगितलं की सुनेला कडेगावकडे तिच्या भावाकडे पोचवली, ‘कवा बलवू तवा ये’ म्हणून. मग कुणी बोलावलं नाही. लालासाहेब रजेवर आला तेव्हा त्याचं दुसरं लग्न लावलं. “पोरगी गुणाची हुती साहेब, पर पायगुण,” आकाराम म्हणाला. मी “अरेरे” म्हणालो. मी कोबी घेत होतो, तो घेऊन घरी आलो. त्या वर्षीच्या अहवालात नाथाजीच्या एकरापुढे मी लिहिलं होतं: सूचनांचे पालन झाले नाही. व्याकरण किती सोयीचं असतं! कुणी पालन केलं नाही ते लिहावंच लागलं नाही.

शकुंतला दारातून बाहेर पडली आणि मी परसात गेलो. विजयमाला उखळाजवळ उभी होती. हात लाल, चेहऱ्यावर मिरचीच्या खकाण्यासाठी बांधलेलं फडकं. फडक्यावरचे डोळे तेच होते, फक्त आता ते कुणाकडे बघत नव्हते. माझ्याकडेही नाही. “बाई भाईर गेल्या,” ती म्हणाली. मी म्हणालो, “तुझ्याकडेच आलोय.” तेव्हा ती जरा बिचकली, मागे सरली. मी घाईनं म्हणालो, “मी शेतकीचा साहेब. नाथाजीच्या मळ्यात यायचो तो.” तिनं फडकं खाली ओढलं. बराच वेळ पाहिलं. मग पदर डोक्यावर घेतला, सासरच्या माणसापुढे घेतात तसा, आणि याचंच मला सगळ्यात वाईट वाटलं.

मी सांगितलं. उभ्याउभ्या, मास्तरांसारखं, क्रमानं सांगितलं: राख, सल्फेट, वास, वाफ, पेंड निम्मी केल्यामुळे उपाशी राहिलेलं पीक. बोलताना मला स्वतःचा आवाज ऐकू येत होता. एखाद्या गावच्या चावडीत व्याख्यान द्यावं तसा. मी थांबलो तेव्हा म्हणाली, “म्हंजे माज्यामुळं न्हाई गेली?”

“नाही.”

“म्या पाय घातला त्यानं न्हाई?”

“नाही गं. त्याचा काडीचा संबंध नाही. तू तर वासरू हाकललंस. पीक राखलंस.”

ती उखळाच्या काठावर बसली. मुसळ आडवं मांडीवर घेतलं. “त्या दिशी तुमी तितंच हुता. आंब्याखाली.”

“होतो.”

“तुमास्नी ठावं हुतं.”

“हो.”

“आन् मला बगत हुता.”

मी मान हलवली. ती रडेल, निदान शिव्या तरी देईल, असं मला वाटलं होतं. खरं म्हणजे शिव्यांची मला आस होती. त्या खाऊन मी आत जाऊन पडलो असतो. ती मिरच्यांच्या सुपाकडे बघत होती. “माज्या मनात आलं हुतं, न्हाई म्हनावं. कुणी बगितलं न्हवतं मला. वासरानं का बोललं आसतं?” ती थोडी हसली. “पर आत्याबाई देवाचं नाव घिऊन इचारत हुत्या. म्हनलं, खरं सांगितलं तर दोन शिव्या देत्याल, आनि काय करत्याल?”

मी म्हणालो, “मी जातो गावी. उद्याच जातो. नाथाजीला, सगळ्यांना समोर बसवून सांगतो.” मला हुरूप आला होता. एकदा खरं बोललं की आणखी बोलावंसं वाटतं. ही चैन उशिरा सुचलेल्यांना स्वस्तात मिळते.

“मामंजी गेलं की. दोन सालं झाली.”

ते मला माहीत नव्हतं. जमिनीकडे बघत बोलणारा तो माणूस, ‘आमचं साहेब’ म्हणणारा, सुनेचा पायगुण मनात धरून गेला होता. मी कसाबसा म्हणालो, “मग लालासाहेबांना सांगतो. लढाईवरून आलेत ना ते? शिकलेसवरलेले आहेत, जग पाहून आलेत. त्यांना पटेल. ते तुला न्यायला येतील.”

“नगा,” ती म्हणाली. एवढं जोरात की कुंपणावरची साळुंकी उडाली. मग हळू म्हणाली, “तिला दोन लेकरं हायती. थोरलं चालाय लागलंय.”

“तरी खरं ते खरं. तुझ्यावरचा डाग तरी जाईल.”

तिनं माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता. मला न समजणारी एक साधी गोष्ट मला समजावून सांगावी लागणार याचा कंटाळा होता. “आवं साहेब, सा वरसं मी मनाला सांगत आले, माज्या हातनं पाप घडलं, म्हनून त्ये न्ह्यायला येत न्हाईत. त्येंचा काय दोष? आईबाचं ऐकलं त्येंनी. आसं म्हनलं की झोप लागती मला.” तिनं मांडीवरच्या मुसळावरून हात फिरवला. “आता तुमी जाऊन सांगाल, तिचा दोष न्हवता. त्ये ऐकून घेत्याल. आन् मग बी आलं न्हाईत तर? मग मी काय समजू?”

ऊन उखळापर्यंत आलं होतं.

“सांगा की,” ती म्हणाली. “तुमी शिकल्यालं मानूस. मग मी मनाला काय सांगू?”

तिला खरंच उत्तर हवं होतं. ती थांबली होती, माझ्या तोंडाकडे बघत, त्या खळ्यावर सगळे बघत होते तशी. बाहेर फाटकाची कडी वाजली, शकुंतला परत आली होती. विजयमालेनं फडकं पुन्हा तोंडावर बांधलं, उठली आणि मुसळ उचललं. मी तसाच उभा राहिलो आणि याही वेळी काही बोललो नाही.